देवाक पुरो पत्तो

आमच्या गावात देवाशी बोलायचं काम ज्या माणसाकडे होतं, तो माणूस आमच्या शेजारी राहायचा. म्हणजे आधी शेजारच्या घरात राहायचा, मग शेजारच्या ओटीवर, मग पडवीत, मग गोठ्यात, आणि शेवटी पंपाच्या शेडमध्ये. माणूस तोच, घर तेच, फक्त घराला बरकत येत गेली तसा माणूस बाहेर बाहेर सरकत गेला.

जयराम घाडी त्यांचं नाव. सगळा गाव त्यांना 'म्हाराजा' म्हणायचा, मी जयरामकाका म्हणायचे. उंच, काटकुळे, कमरेला गुडघ्यापर्यंतचा पंचा आणि खांद्यावर टॉवेल. एरवी बोलायचे इतकं हळू की आपण वाकून कान पुढे करावा. पण देवळात गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की आवाज खाडीपलीकडे जायचा. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मांडलेलं म्हणणं. एक वाक्य काकांनी म्हणायचं आणि जमलेल्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकदा गावाने ते म्हटलं की विषय संपला. ग्रामसभेतला ठराव आमच्याकडे तीनदा फिरलाय, 'व्हय म्हाराजा' आजवर कुणी फिरवलेलं नाही.

मी लग्न होऊन फोंडाघाटाहून आले, तेव्हापासून काकांसाठी मी 'फोंडेकरीण'. गाऱ्हाणी आमच्या माहेरीही होतात, पण तिथले गाऱ्हाणेकरी देवाला चार गोड शब्द सांगून मोकळे होतात. जयरामकाकांचं तसं नव्हतं. त्यांचे दोन नियम होते आणि त्यात ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

पहिला नियम, देवाला सगळं खरं आणि सविस्तर सांगायचं. "देवाक पुरो पत्तो दिवचो लागता," ते म्हणायचे, "नायतर आशीर्वाद भलतीकडे जाता." त्यांनी तरुणपणी एकदा 'पोरांक नोकऱ्या लागां देत' असं मोघम गाऱ्हाणं घातलं होतं म्हणे, आणि त्या वर्षी पलीकडच्या वाडीतली झाडून सगळी पोरं पोलिसात लागली. आमच्या वाडीतलं एकही नाही. तेव्हापासून काका गाव, वाडी, घर, घरातला माणूस, सगळं सांगायचे.

दुसरा नियम, गाऱ्हाण्यात स्वतःसाठी काही मागायचं नाही. हा नियम मला कधी पटला नाही. जगभराचं मागायचं आणि आपलं तेवढं पोटात ठेवायचं, याला काय अर्थ आहे? पण काका हसायचे आणि म्हणायचे, पोस्टमनाने दुसऱ्यांची पत्रं टाकावीत, आपलंच पत्र घुसवू नये.

मागच्या दहा वर्षांत आमच्या गावाची भरभराट झाली. कशी झाली ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. हायवे रुंद झाला, विमान उतरायला लागलं, कुणीतरी समुद्राखाली मासे बघायला न्यायची टूम काढली. ज्या माशांना आम्ही जन्मभर कढईतच भेटत आलो, त्यांना बघायला लोक रबरी कपडे घालून पाण्यात उतरायला लागले. रापणीचं जाळं ओढणारी पोरं आकाशातल्या छत्र्यांच्या दोऱ्या ओढायला लागली. माझी सोलकढी घरात कुणी दुसऱ्यांदा मागितली नव्हती, तिचे लोक फोटो काढायला लागले. मीही दोन खोल्या काढल्या, उगाच कशाला सोवळेपणा करू. ज्याच्या घराला चार भिंती होत्या त्याने पाचवी बांधली आणि आत पावणे ठेवले.

या सगळ्यात काकांना उसंत म्हणून मिळेना. नवीन काही आलं की त्याचं गाऱ्हाणं हवंच. जेसीबी आला तेव्हा काकांनी त्याच्यापुढे नारळ ठेवून सांगितलं, "म्हाराजा, हेचो हात लांब आसा, शेजाऱ्याच्या आवाराचो गडगो हेका दिसां दे." पाण्यातल्या स्कूटरचं गाऱ्हाणं घातलं, उडत्या कॅमेऱ्याचं घातलं. वायफायचं घालताना मात्र ते अडले. जी वस्तू दिसत नाही, येते कधी आणि जाते कधी ते कळत नाही, तिचा पत्ता देवाला काय सांगायचा? शेवटी म्हणाले, "म्हाराजा, ही तुझ्यासारखीच आसा, तूच बघ."

विलासच्या उद्घाटनाचा किस्सा तर आचऱ्यापर्यंत गाजला. विलास म्हणजे माझा चुलतदीर. त्याने घराला निळा रंग काढला आणि 'सागरदृष्टी' असा हा मोठा बोर्ड लावला. बँकेचे साहेब आले होते, शहरातले कुणी फोटोवाले आले होते, पेढे वाटून झाले होते. काका उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज विलासान घराक रंग काढलो आणि बोर्ड लावल्यान. बोर्डार लिवलेला आसा की हयसून दर्या दिसता."

"व्हय म्हाराजा!"

"म्हाराजा, हयसून दर्या दिसणा नाय, ह्या तुका म्हायत आसा, माका म्हायत आसा. टाकयेर चढलो तर माडांच्या मधसून बोटभर दिसता."

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. विलाससुद्धा म्हणाला. सवयच ती, तोंड आपोआप उघडतं. मग त्याला कळलं आणि त्याचा चेहरा घरासारखा निळा झाला.

"तर जो कोण पावणो पैशे भरून हयसर येतलो, तेका ता बोटभरच दर्यासारख्या दिसां दे, आणि टाकयेरसून तेचो पाय घसरां देव नको!"

साहेबांनी न हसण्यासाठी पेढा तोंडात कोंबला. विलास महिनाभर काकांशी बोलला नाही. पुढे मात्र त्यालाच चढावं लागलं. पावण्यांनी तक्रार केली की तो त्यांना टाकीवर न्यायचा. आता तिथे लोखंडी जिना आहे, कठडा आहे आणि वर चहा मिळतो. पाय अजून कुणाचा घसरलेला नाही.

हे सगळं दुसऱ्यांचं झालं. काकांच्या स्वतःच्या घराचं काय झालं ते सांगते.

काकांचा मुलगा संदेश मुंबईची नोकरी सोडून बायकोला, प्राचीला, घेऊन परत आला. गावाला आनंद झाला, काकांना तर फारच. संदेशला हुशारी होती आणि अंगात वारं होतं. त्याने घराच्या पाच खोल्या काढल्या. त्यातली तीन नंबरची म्हणजे माजघरामागची खोली. तिथे संदेश जन्मला होता आणि तिथेच, खिडकीखालच्या लाकडी खाटेवर, त्याची आई, सुमतीकाकी, गेल्या होत्या. जायच्या आधी त्या काकांना म्हणाल्या होत्या, मी पुढे होते, तुम्ही याच दाराने या, नाहीतर चुकामूक होईल.

काकांनी ते अगदी शब्दशः घेतलं. देवाला द्यायचा पत्ता ज्यांना इतका नेमका लागतो, ते बायकोचा कसा मोघम घेतील? मला त्यांनी एकदा मागीलदारी फणस सोलताना सांगितलं, अगदी बाजाराचं बोलावं तसं. "फोंडेकरणी, माका त्याच खोलयेत मरूचा आसा. दुसरा काय नको."

संदेशने त्या खोलीत टाइल्स घातल्या, एसी बसवला, जात्यावर दिवा ठेवला आणि काकीच्या हंड्यात सुकं गवत खोचलं. लाकडी खाट राहू दिली, कारण जुन्या खाटेला भाव होता. खोली सगळ्यात आधी भरायची. संदेश वाईट नव्हता हो. एका मे महिन्यात तो काकांना म्हणाला, बाबा, चार दिवस ओटीवर झोपाल का. काका ओटीवर गेले. मग ओटीचं रिसेप्शन झालं, काका पडवीत. पडवीत जेवणाची टेबलं आली, काका गोठ्यात. गाय विकली, गोठ्याला पडदे लावले आणि त्याचं नाव कॉटेज ठेवलं. त्याचा दर तर घरापेक्षा चढा. तेव्हा काका पंपाच्या शेडमध्ये आले. चार दिवसांची चार वर्षं झाली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. दर मुक्कामाला ते हात जोडून देवाला कळवायचे, की म्हाराजा, पत्ता बदलला आहे, ध्यानात ठेव.

माझा मात्र जीव जळायचा. मी त्यांना म्हटलं, अहो, संदेशला सांगा ना सरळ. ते म्हणाले, मुलाकडे मागणं म्हणजे स्वतःसाठीच मागणं. मग देवाला तरी सांगा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळातली घंटा चोरायला सांगितली. इतका राग यायचा मला या माणसाचा. वय झालेलं, पाय सुजलेले, डोक्याशी पंप घरघरतोय, आणि हा गावातल्या स्कूटरींसाठी गाऱ्हाणी घालत फिरतोय. मी स्वतः संदेशशी बोलायला एकदा गेलेही, तर काका वाटेतच आडवे आले आणि म्हणाले, बोललीस तर तुझ्या दारचं पाणी पिणार नाही. काय करणार?

आणि अशात गावपळण आली.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आपल्याकडे संशयाने बघतो, म्हणून नीट सांगते. तीनचार वर्षांतून एकदा, देवाने कौल दिला की आमचा सगळा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. वेशीपलीकडे माडाच्या झापांच्या खोपी घालायच्या आणि तीन रात्री तिथेच काढायच्या. तेवढे दिवस गावात चूलसुद्धा पेटत नाही. नंतर पुन्हा कौल लावायचा. देव हो म्हणाला तर घरी, नाहीतर अजून मुक्काम. का करतात असं विचारलंत तर प्रत्येक म्हातारा वेगळं सांगेल. मी फोंड्याची, मला वाटतं देवालाही कधी निवांतपणा हवा असेल.

भात कापून झालं, गाव देवळात जमला. पण या खेपेला नाताळ तोंडावर. एकूण एक खोली भरलेली. संदेशने काकांना बाजूला घेऊन सांगितलं, देवाकडे पुढची तारीख मागा. काकांनी मान हलवली. लोकांचं म्हणणं पोचवणं त्यांचं कामच होतं. गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

फेब्रुवारीत गेलो तर चालेल? डावी. जूनमध्ये, पाऊस पडायच्या आत? डावी. फक्त म्हातारी माणसं गेली तर? हे विचारताना काकांनी डोळे मिटून घेतले, पण विचारलं. डावी, तीही तडकाफडकी. गाव गेला आणि पावणे राहिले तर? डावी. मग स्वयंपाकी राहिले तर? गुरव काकांकडे बघायला लागला. शेवटी काकांनी सरळ विचारलं, नाताळच्या आठवड्यात, सगळा गाव, पावण्यांसकट? वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पडली.

सगळे फोन काढून बुकिंगं मोजायला लागले. संदेश मात्र एका दिवसात सावरला. त्याने फोनवर जाहीर केलं की यंदा आमच्याकडे असा अनुभव मिळेल जो जगात कुठे मिळत नाही. थोड्यांनी बुकिंग रद्द केलं. आले त्यांच्या दुप्पट.

अहो, ती पळण बघायला हवी होती. पुढे गुरं, मागे टेम्पोत फ्रीज. विलासने टाकीवरचा चहाचा गाडा आणला. स्कुबावाली पोरं सिलिंडर घेऊन निघाली, माळरानावर त्यांना कुठे बुडायचं होतं देव जाणे. पुण्याच्या एका बाई आपलं पांढरं कुत्रं कडेवर घेऊन चालल्या होत्या आणि दर वळणावर विचारत होत्या की आपण नेमकं कुणापासून पळतोय. प्राचीने प्रत्येक खोपीला नंबर लावले. एसी नव्हता, म्हणून लोकांना हातपंखे दिले आणि त्यांना पारंपरिक म्हटलं.

जयरामकाका तिथे एकदम खुलले. सगळ्यांच्या खोपी सारख्या, सगळे भुईवर. त्यांच्या शेजारच्या खोपीत कोल्हापूरचे पाटील उतरले होते. गुळाचे व्यापारी, गोल, मोठ्या आवाजाचे आणि मनाने अगदी सरळ. पाटलांना 'व्हय म्हाराजा' इतकं आवडलं की ते भाकरी हवी का म्हटलं तरी तेच म्हणायचे. तीन दिवस दोघांचं गूळ-खोबरं चाललं होतं. बोलता बोलता पाटलांनी विचारलं, काका, तुमचं घर कुठलं? काकांनी खरं ते सांगितलं. पाटील चाट पडले.

"म्हणजे तीन नंबरात? आवो, मीच की तिथं झोपलोय पळणीआधी! आन तुम्ही कुठं झोपता?"

काकांनी तेही खरं सांगितलं, आणि खाटेचं, आणि सुमतीकाकींचंही. विचारलं तर सांगायचं, मागायचं नाही. त्या दिवशी पाटील जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी सगळा गाव वेशीवर जमला. संदेशने फोन काठीवर लावला होता, कुठे कुठे लोक हे बघत होते म्हणे. सगळ्यांना सूर देण्याचं कामही त्यानेच घेतलं होतं, त्याचा आवाज सगळ्यात पुढे. काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. वाडी न् वाडी घेतली, घर न् घर घेतलं. विलासची टाकी, माझ्या दोन खोल्या, पुण्याच्या बाईंचं कुत्रं, कुणालाही सोडलं नाही. दर वाक्याला गाव गरजत होता. सगळ्यांचं सगळं मागून झालं आणि काका दम घ्यायला थांबले.

तेवढ्यात मागून पाटलांचा आवाज आला, थेट कोल्हापूरच्या बाजारातला.

"आणि महाराजा, ह्या जयराम घाडीकाकांस्नी त्येंची तीन नंबरची खोली परत मिळूं दे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा गाव म्हणाला. सवयच ती. आणि सगळ्यात मोठ्याने संदेश म्हणाला, हात वर करून, फोनकडे तोंड करून.

मग आपण काय म्हणालो ते त्याला कळलं आणि त्याने हात हळूच खाली घेतला. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसलीही नाही. काका रागाने तडक गुरवाकडे गेले. ते गुरवाला म्हणाले, "ह्या माझा गाऱ्हाणा न्हय. पाटलांचा नाव आणि कोल्हापूरचो पत्तो घाल." पण गुरवाने वेशीवरच्या देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावून टाकल्या होत्या. सगळे बघत होते. उजवी पडली.

संदेशने शब्द पाळला. त्या दुपारीच प्राचीने हंड्यातलं गवत काढलं. मे महिन्यापर्यंतची बुकिंगं दुसरीकडे वळवताना त्याच्या नाकी नऊ आले, पण चकार शब्द बोलला नाही. एकदा त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून रडताना मात्र मी त्याला पाहिलं. मला म्हणाला, वहिनी, चार दिवसांसाठीच सांगितलं होतं गो मी. मला त्याचाही राग येईना.

दारावरचा नंबर तो उपटायला निघाला तेव्हा काकांनीच अडवलं. देवाला कळवून झालं होतं, आता पुन्हा पत्ता बदलून त्याला कशाला घोटाळ्यात टाकायचं? नंबर राहिला. खाटेवर काका भिंतीकडेने अंग चोरून झोपायचे, बाहेरची बाजू मोकळी ठेवायचे. मी कारण विचारलं नाही.

तो पावसाळा त्यांनी त्या खोलीत काढला. गणपती झाले आणि त्यांनी अंथरूण धरलं. नवरात्राच्या सुमारास मी पेज घेऊन गेले तर एसी भसाभसा चालू, आणि काका घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून पडलेले. एसी बंद करते म्हटलं तर म्हणाले, राहू दे, झिलाने, संदेशने, हौसेने लावलाय. मी वाटी हातात घेऊन बसले. त्यांनी घोंगडीच्या आतच हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता, पण सूर तोच. "जयराम घाडी बोलतंय. पत्तो तोच, रूम नंबर थ्री. आजपर्यंत माझ्यासाठी काय मागूक नाय. आता एकच मागतंय. नाताळाची गर्दी होवच्या आदी माका ह्याच खाटयेरसून घेवन जा. झिलाची बुकिंगा माझ्यापायी पुन्हा बुडां देव नको."

आणि ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. आधी मला समजलंच नाही, मग समजलं. खोलीत गाव म्हणून मी एकटीच होते.

मला नाही म्हणायचं होतं. नको ते मागणं, मरणाचं, आणि त्याला मी हो म्हणू? पण ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांचं मागितलं, त्याच्या एकुलत्या एका मागण्याला उत्तर नाही, हेही बघवेना. मी कसंबसं पुटपुटले, "व्हय म्हाराजा."

"मोठ्यान म्हण गो, फोंडेकरणी," काका म्हणाले. "देवाक ऐकाक जावक होया."

मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आणि भिंतीपलीकडून, चार नंबरमधून, आदल्या दिवशी आलेल्या पावण्यांनी, बायकांनी, पोरांनी, खो खो हसत, एका सुरात साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

काकांच्या चेहऱ्यावर काय समाधान आलं म्हणून सांगू. त्यांनी पेजेची वाटी बाजूला ठेवायची खूण केली आणि भिंतीकडे सरकून कुशीवर वळले.

त्या वर्षी नाताळात संदेशला एकाही पावण्याला नाही म्हणावं लागलं नाही.